न मानलेला वार

पडला नाही. भर दुपारी, चारशे माणसांच्या डोळ्यांदेखत, डाव्या खांद्यावर स्वच्छ वार बसला, आणि जेसिना फूबिस्टरचा एकुलता एक मुलगा ढाल छातीशी धरून उभाच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, ॲबर्डीनमध्ये जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि त्याला साधं मरता येऊ नये? ज्याला वार लागला त्यानं पडायचं, एवढाच तर खेळ. बाकी सगळं, लोकरीचे अंगरखे, तेल लावून ठेवलेली पाती, ढालींवर रंगवलेले कावळे, ही नुसती सजावट. जुन्या लढाया हौसेनं खेळणाऱ्या त्यांच्या मंडळात पंच नव्हता, शिट्टी नव्हती. वार लागला की नाही हे ज्याला लागला त्यालाच ठाऊक, आणि ते त्यानंच कबूल करायचं, जमिनीवर अंग टाकून. तीस वर्षांत तीनच माणसांनी वार मानला नव्हता, आणि त्या तिघांची नावं जेसिना अजून अशी उच्चारी, जशी दुसरी एखादी बाई गावातल्या दारुड्यांची उच्चारील. आता चौथं नाव तिच्या पोटचं होतं. काल दुपारपासून ते तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गिळवत नव्हतं, ओकवत नव्हतं.

रविवारी सकाळी ती तव्यावर जवाचं बॅनक, म्हणजे जाडसर भाकरी, भाजत होती. जवाच्या पिठाचा तो करपट, मातकट वास स्वयंपाकघरात भरला होता आणि वारा खिडकीच्या फटीतून शिरून त्या वासाला भिंतीशी दाबत होता. सिगर्ड टेबलाशी बसला होता. बापाच्या खुर्चीत नव्हे, तिच्या समोरच्या खुर्चीतही नव्हे, तर भिंतीकडच्या बाकावर, जिथे पाहुणे बसतात तिथे. बाप गेल्यापासून दोन वर्षं तो आला की तिथेच बसत होता आणि ती रोज मनात म्हणत होती की आज सांगीन, अरे नीट बस, आणि रोज सांगायचं राहत होतं. त्याच्या गळपट्टीतून खांद्यावरचा काळानिळा वळ दिसत होता. बोटभर रुंद. वार मानायला याहून मोठा पुरावा काय लागतो?

"लागला होता ना?" तिनं तव्याकडे बघतच विचारलं.

"लागला होता."

"मग?"

"नाही पडता आलं."

"गुडघे धरले होते?"

"आई."

"नाही, विचारते आपली. येतं असं वयानं. तुझ्या बापाचे पन्नाशीतच धरले होते. तरी पडायचा तो. उठवताना मात्र दोघं लागायचे."

सिगर्डनं बॅनकचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. "आज काय निवाडा देणार आहेस थिंगमध्ये?"

"मी कशाला आधी सांगू? तिथं येशील तेव्हा कळेल. तुझ्यासाठी वेगळी चूल मांडलेली नाही."

"पटावरून नाव काढलंस तर मी परत यायचो नाही." तो हे चिडून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाला ती लहानपणापासून पुरून उरत आलेली. पण तो अगदी हळू बोलला, एखाद्या यंत्राचा सुटा भाग हातात घेऊन दाखवावा तसा. "धमकी नाही देत. खरं ते सांगतो. मी येतो तो त्याच्यासाठी. वर्षातून चार दिवस त्याच्या जागेवर उभं राहायला. ते गेलं, तर बोटीचं तिकीट कशासाठी काढायचं?"

माझ्यासाठी, असं ती म्हणाली नाही. तिच्या घराण्यात असलं कोणी म्हणत नसत. तिनं बॅनक उलटलं, ते खालून जरा जास्तच काळं झालं होतं, आणि ती म्हणाली, "खा. गार झालं की दगड होतो त्याचा."

"तुला नाही कळायचं ते," सिगर्ड उठत म्हणाला. "तू पाठ फिरवून बसली होतीस." आणि कोट घेऊन तो गेला. दार वाऱ्यानं आपटलं. पाठ फिरवून बसली होतीस. हे वाक्य त्याला तिनंच दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, याच स्वयंपाकघरात, आणि त्यानं ते इतकं जपून ठेवलं होतं की आज तिला परत करताना त्याचा एक टवकाही उडालेला नव्हता.

थिंग म्हणजे बेटांवर पूर्वी राहणाऱ्या नॉर्वेच्या लोकांची पंचायत. ती एडविननं, तिच्या नवऱ्यानं, पुस्तकांतून काढून मंडळाच्या गळ्यात बांधली होती. लढाईनंतरच्या रविवारी, तंबू उतरवायच्या आधी, सगळ्यांनी गोल उभं राहायचं. वार करणाऱ्यानं एकदा बोलायचं, न मानणाऱ्यानं एकदा बोलायचं, आणि निवाडा मंडळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं द्यायचा. त्यावर अपील नाही. एडविन होता तोवर निवाडे त्याचे. आता सगळ्यांत म्हातारी जेसिना. जन्मात तलवार हातात धरली नव्हती, पण साठ अंगरखे तिच्या हातचे होते आणि बाहेरून दिसणारा एकही टाका मशीनचा नव्हता. त्यामुळे तिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. नियम सरळ होता, ज्यानं वार मानला नाही त्याचं नाव पटावरून जातं. आणि पळवाटही सरळ होती. निवाडा देणाऱ्यानं "वार लागलाच नाही," असं म्हटलं की संपलं. तीन शब्द. सिगर्ड पुढच्या जूनला पुन्हा बोटीतून उतरला असता, भिंतीकडच्या बाकावर बसला असता, तिच्याशी चार दिवसांत चाळीस वाक्यं बोलला असता. खोटं बोलायचं, आणि मुलगा ठेवायचा. खरं बोलायचं, आणि या घरात रेडिओ. रेडिओ ती हल्ली सकाळी लावायची ते झोपेपर्यंत. हवामान, माशांचे भाव, कुणी कुणासाठी लावलेलं गाणं. ऐकायची नाही. घरात पुरुषाचा आवाज हवा, एवढंच.

कारण पन्नासेक वर्षं या घरात पुरुषाचा आवाज होता. एडविन नळ दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी मोठ्यानं पुस्तक वाचायचा. जेसिनाची शाळा तेराव्या वर्षी सुटली, सँडे बेटावर, आई अंथरुणाला खिळली आणि गाईंच्या धारा कुणी काढायच्या म्हणून. अक्षरं ओळखीची, पण ओळखीची माणसं जशी रस्त्यात लांबून हात करून निघून जातात तशी. एडविनला हे लग्नाच्या आधीच कळलं होतं आणि त्यानं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त मोठ्यानं वाचायला लागला, जणू त्याला स्वतःलाच ती सवय होती. ती शिवायची, तो वाचायचा. कोणत्या सरदारानं कुणाच्या भावाला जाळलं, कोणत्या राजानं कोणतं बेट हुंड्यात दिलं, नॉर्वेचं राज्य संपून स्कॉटलंडचं कसं आलं. ती मधूनच बोलायची. राजे कितीही मोठे असोत, जेसिनाच्या शेऱ्यांतून कोणी सुटला नाही. नॉर्वेचा म्हातारा राजा हाकोन लार्ग्जच्या किनाऱ्यावर वादळाचा आणि स्कॉट लोकांचा मार खाऊन इथे कर्कवॉलला आला, बिशपच्या वाड्यात आजारी पडला, आणि अंथरुणावर पडून त्यानं पुस्तकं वाचायला लावली. आधी लॅटिन. पण त्याचा अर्थ लावता लावता तो दमला. "लॅटिन ऐकून कुणाचाही जीव जाईल," जेसिना म्हणाली होती. मग त्यानं आपल्या भाषेतली आणायला सांगितली, आधी संतांची, मग राजांची, एकामागून एक, पहिल्यापासून. त्याच्या स्वतःच्या आजोबांपर्यंत वाचून झालं आणि मग तो मेला. एडविन तिथं थांबला होता. चष्मा काढून पुसत होता. "बघ जेसिना," तो म्हणाला, "पुस्तक संपेपर्यंत थांबला बिचारा." ती म्हणाली, "राजाला फुरसत असते." आता एडविनचं शेवटचं पुस्तक खिडकीत होतं, मधे बसचं तिकीट खुपसलेलं. एक जार्ल, म्हणजे बेटांचा सरदार, आपल्या चुलतभावाला भेटायला दोन जहाजं घेऊन निघाला होता आणि चुलतभाऊ आठ घेऊन येत होता. पुढं चुलतभावानं त्याला मारलं, ते बेटांवरच्या पोरासोरांनाही ठाऊक. तिलाही ठाऊक होतं, चर्चमधल्या खिडकीवरून, दगडावरून, सगळ्यांच्या तोंडून. पण एडविनच्या आवाजात ती दोन जहाजं अजून पाण्यावरच होती, आणि त्यांना किनाऱ्याला लावायची तिची हिंमत नव्हती.

मेव्हिस ड्रेव्हर दीड वाजता गाडी घेऊन आली. मेव्हिस मंडळाची चिटणीस, शाळेत शिकवायची, आणि कुणाच्याही दुःखात आधी आपला आवाज बारीक करायची, ते जेसिनाला सहन होत नसे.

"जेसिना मावशी, कशी आहेस गं?"

"आहे तशीच. तू दार नीट लाव, मागच्या वेळी अर्धी गाडीबाहेर होते मी."

गाडी मोठ्या चर्चच्या बाजूनं निघाली. तांबडा दगड पावसानं गर्द झाला होता आणि समोर बिशपच्या वाड्याच्या पडक्या भिंतींत कावळे ओरडत होते. इथेच तो राजा. इथेच कुठेतरी वर एक खोली होती आणि एक माणूस मेणबत्तीजवळ बसून वाचत होता आणि दुसरा ऐकत होता. जेसिनाला एकाएकी वाटलं, ऐकणारा मेला तरी वाचणाऱ्याला लगेच कळलं असेल का? की आणखी पानभर तसाच वाचत राहिला असेल? तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"आर्चीला फार वाईट वाटतंय," मेव्हिस म्हणाली. "म्हणत होता, मी तक्रार मागे घेतो."

"घ्यायची कशी? लोणचं आहे का, नको झालं की बरणीत परत? चारशे लोकांनी पाहिलंय." मग थोड्या वेळानं, "आणि त्याला वाईट वाटून घ्यायला मी सांगितलेलं नाही."

कालचा वार करणारा आर्ची मॅकफेल स्कॉटलंडातल्या पेस्लीचा, दातांचा डॉक्टर, फेरीबोटीतून उतरलेला, म्हणजे बाहेरचा. एकवीस वर्षं झाली तरी फेरीबोटीतून उतरलेलाच. मंडळात त्याला लगेच घेतलं होतं त्याचं कारण साधं होतं. बेटांवर कुणालाच स्कॉट व्हायचं नसे. लार्ग्जची लढाई खेळायची तर अर्धे स्कॉट हवेत, आणि इथला प्रत्येक गवळी, प्रत्येक कोळी, प्रत्येक पोस्टमन आपण नॉर्वेचे असल्यासारखी दाढी वाढवून तयार. चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. ज्याला स्कॉटची चिठ्ठी निघे तो घरी जाऊन बायकोला सांगत नसे. म्हणून आर्ची आला तेव्हा एडविन त्याच्या गळ्यात पडला होता: "बाबा रे, तू तर जन्मतःच तयार आहेस!" आणि मग एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात आर्चीनं एडविनला मारलं. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर, दुसऱ्या बोटीच्या डाव्या बाजूला, ठरलेल्या जागी.

तलवारीचं शिक्षण जेसिनानं मागच्या अंगणात पाहिलं होतं, कपडे वाळत घालता घालता. एडविन सिगर्डला शिकवायचा. पाऊल आधी, मग हात. मनगट सैल, नजर माणसाच्या खांद्यावर, पात्यावर नाही. पातं खोटं बोलतं, खांदा बोलत नाही. वार पूर्ण जोरात सुरू करायचा आणि अंगावर पोचताना हात आखडता घ्यायचा, असा की लोकर दबावी आणि कातडीला नुसती बातमी लागावी. मुठीतली बोटं शेवटच्या क्षणी आवळायची, त्यात सगळी कला. सिगर्ड चिडून विचारायचा, मग यात मर्दुमकी कसली? एडविन म्हणायचा, "वार करायला दोन वर्षांत शिकशील. मानायला शीक. कुणी बघत नसताना, नुसता धागा हलला तरी, लागला म्हणायचं." जेसिना चिमटे तोंडात धरून हे ऐकायची आणि तिला आतून अभिमान वाटायचा, आणि त्याची शिक्षा म्हणून ती ओरडायची, "झालं असेल मरून तर कोळसा आणा आत!" मात्र एवढा मानणारा एडविन मरायला अगदीच कच्चा होता. पडायचा छान. पडून राहता येत नसे. नाक खाजवायचा. एकदा शिंकला, आणि मेलेले सगळे हसायला लागले. एकदा चक्क घोरला. दर वर्षी संध्याकाळी ती त्याची त्यावरून सालटी काढायची आणि तो खुशीत ऐकायचा. संसार म्हणजे त्यांच्यात तेच होतं, तो वाचणार आणि ती बोलणार.

ऑर्फरला, लढाईच्या किनाऱ्यावर, पोचल्यावर वारा समोरून आला, समुद्राचा, शेवाळाच्या वासाचा. तंबू अजून उभे होते आणि त्यांची कापडं फटफट वाजत होती. काल चारशे माणसं होती तिथं आता तुडवलेलं गवत, कुणाचा तरी हातमोजा, आणि पाण्याशी दोन बोटी. दुसऱ्या बोटीच्या डाव्या बाजूला तिनं पाहिलं नाही. पण न पाहणं हेही पाहणंच असतं. मान त्या बाजूला वळू नये म्हणून तिला ती धरून ठेवावी लागत होती, आणि मानेला कळ लागत होती. मंडळी गोल उभी राहायला लागली. काहींच्या अंगावर अंगरखे, काहींच्या पावसाळी कोट. मेव्हिसनं तिच्यासाठी घडीची खुर्ची आणली. तिनं ती नाकारली आणि मग पाय भरून आले तेव्हा वाटलं, घ्यायला हवी होती. पण आता कसं मागणार?

दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशी, ती बसली होती. इथून वीस पावलांवर, रश्श्याच्या हंड्याजवळ, तिपाईवर, आणि पाठ फिरवून नव्हे. तोंड अगदी समोर. ऊन होतं. स्कॉट लोक उतारावरून ओरडत आले, आर्ची एडविनसमोर आला, त्यानं तलवार उचलली, खाली आणली, आणि शेवटच्या क्षणी मूठ आवळली. पातं एडविनच्या छातीपासून चांगलं वीतभर दूर होतं. चांगलं वीतभर. उन्हात त्या मधल्या जागेतून तिला पलीकडचं पाणी दिसलं होतं. आणि त्याच्या आधीच एडविन पडला. वार लागायच्या आधी. गुडघे न वाकवता, पोत्यासारखा. आर्ची क्षणभर चपापला, मग ठरल्याप्रमाणे पुढच्या माणसाकडे वळला. आणि जेसिना हसली. तिला आनंद झाला होता, हीच ती गोष्ट जी तिनं कुठल्याही पाद्र्याला सांगितली नाही. वार मानण्यावर इतकी वर्षं प्रवचन देणारा माणूस न लागलेल्या वाराला घाबरून पडला! आज संध्याकाळी सोडत नाही. आणि लढाई संपेपर्यंत, शिंग वाजून मेलेले उठेपर्यंत, वीस मिनिटं ती हंडा ढवळत ते वाक्य घडवत होती. नळवाल्या, धार लागायच्या आधीच भिजलास होय रे? नाही, असं नको, जरा धार पाहिजे. वारा आला म्हणून पडणारी झाडं ऐकली होती. हे बरं होतं. त्यात आणखी एक शब्द घालावा की नको असा ती विचार करत होती तेव्हा एक समुद्रपक्षी चालत चालत एडविनच्या कमरेपाशी आला आणि त्यानं पिशवीतलं बॅनक ओढून काढलं. एडविन हलला नाही. त्याचा हात दगडांवर उताणा होता, बोटं किंचित उघडी, जसा झोपेत असायचा. जेसिनाला वाटलं, वा! शिकला एकदाचा. या वर्षी तरी मेलेला राहिला. मग शिंग वाजलं. सगळे उठले, अंग झटकत, हसत, एकमेकांच्या पाठी थोपटत. लोक टाळ्या वाजवत होते. आणि त्या टाळ्यांत एक माणूस कमी होता, पण टाळ्या थांबायला वेळ लागला.

सिगर्ड त्या वर्षी आला नव्हता, कामावर होता. तिसऱ्या दिवशी आला आणि त्यानं एकच विचारलं, "तू कुठे बघत होतीस?" आणि ती म्हणाली, "मी पाठ फिरवून बसले होते." डॉक्टर म्हणाले होते, हृदय, तत्काळ, कुणाला काही करता आलं नसतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात.

"आर्ची," मेव्हिस म्हणाली, "एकदाच बोल."

आर्ची पुढं आला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि विरळ केस वाऱ्यानं उभे राहिले होते. "वार मी केला. लागला. जोरात लागला, नको इतका. त्याबद्दल सिगर्ड, माफ कर." तो थांबला. "मला हात आखडता येईनासा झालाय. दोन वर्षं झाली. आधी येत होता. आता पातं खाली आणताना मला वाटतं, थांबवलंय की नाही? त्या वेळी थांबवलं होतं की नाही? एडविनच्या वेळी. मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. कधी लागलेला दिसतो, कधी नाही." त्यानं हातातली टोपी पिळली. "हे इथे बोलायचं नव्हतं. एवढंच. माझी काही तक्रार नाही."

जेसिनानं आर्चीकडे पाहिलं. एकवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. हा माणूस रोज सकाळी लोकांचे दात बघतो आणि रोज संध्याकाळी ती वीतभर जागा शोधतो. ती जागा तिच्याकडे होती. दोन वर्षं तिनं ती आपल्या एप्रनच्या खिशात घालून ठेवली होती.

"सिगर्ड," मेव्हिस म्हणाली.

सिगर्ड पुढं आला नाही, जागेवरूनच बोलला. "वार लागला. मी मानला नाही. मानायचा होता. गुडघे वाकवलेही." त्याचा आवाज हळू होता, सकाळचाच. "मग वाटलं, खाली पडलो की सगळे मला सोडून पुढं जाणार. नियमच आहे तसा, पडलेल्याकडे बघायचं नाही. तिथं दगडांवर डोळे मिटून पडायचं, आणि कुणी बघणार नाही. तो किती वेळ जिवंत होता, कुणालाच माहीत नाही. मला नाही पडता आलं. नाव काढा. बरोबरच आहे ते."

आता सगळे तिच्याकडे वळले. वारा अंगरख्यांच्या कडा उलटवत होता, आणि तिला त्यांच्या आतले टाके दिसत होते, तिचेच, सरळ, एकसारखे. तिच्या मनात ते तीन शब्द तयार होते. वार लागलाच नाही. खांद्यावरचा वळ कोण बघणार होतं? सिगर्ड पुढच्या जूनला आला असता. तिनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की हे खोटं बोलायला तिची हरकत नाही. हरकत इतकीच की सिगर्डला ते खोटं आहे हे ठाऊक असणार, आणि तो पुन्हा येईल तेव्हा त्या बाकावर बसून तो तिच्याकडे पाहील, आणि त्याला वाटेल, आईनं निदान एकदा तरी माझ्यासाठी काही केलं. आणि ते तिला आयुष्यभर गिळावं लागेल. तिच्या ओठांना मिठाची चव आली. समुद्र होता, वारा होता, त्याला इलाज नव्हता.

"सगळे नीट ऐका, मी दोनदा सांगत नसते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "आर्ची, तुझी तलवार वीतभर लांब होती. मधून पाणी दिसत होतं. तू हात आखडलास आणि चांगला आखडलास. तो त्याच्या आधीच पडला. मला कसं ठाऊक? मी समोर बसले होते. पाठ नव्हती माझी. मी पाहत होते."

"आई," सिगर्ड म्हणाला.

"तुझी पाळी झाली, आता गप्प. मी पाहत होते आणि हसत होते. वाटलं, भित्रा पडला. वीस मिनिटं मी त्याला संध्याकाळी काय टोमणा मारायचा ते जुळवत होते. पक्ष्यानं त्याच्या पिशवीतलं बॅनक नेलं तेही पाहिलं. उठून गेले नाही. पडलेल्याकडे जायचं नाही, नियम आहे ना. तो किती वेळ जिवंत होता ते मलाही माहीत नाही. पण विचारायला जवळ कोण होतं, हे विचारशील तर मी होते. वीस पावलांवर."

मेव्हिसनं तोंडावर हात धरला. आर्ची खाली बसला, गवतावर, एकदम, जसं एखादं मूल बसतं. सिगर्ड हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसत नव्हतं, कारण तिच्या डोळ्यांत वारा जात होता, आणि ती पुसायला हात उचलणार नव्हती, साठ माणसांसमोर तर नाहीच. तिला वाटलं, आता तो वळून निघून जाईल, बोटीकडे, कायमचा, आणि जायलाच हवं त्यानं. पण निवाडा द्यायचा राहिला होता. अर्धं काम टाकून जायची तिची रीत नव्हती. ती चार पावलं चालत त्याच्यासमोर गेली. ओल्या गवतावरून पाय घसरत होते, आणि कुणीतरी हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला.

"सिगर्ड एडविन फूबिस्टर," ती म्हणाली, "वार लागला, तू मानला नाहीस. तलवारीच्या पटावरून तुझं नाव गेलं. माझा मुलगा म्हणून यातलं एक अक्षर कमी होणार नाही. पण मैदानात तू यायचंस, दर वर्षी, रिकाम्या हातानं. जो पडेल त्याच्याजवळ जायचं, मग तो आपला असो नाहीतर स्कॉट. गुडघ्यावर बसायचं, खांद्याला हात लावायचा आणि विचारायचं, जिवंत आहेस का. उत्तर मिळेपर्यंत तिथून उठायचं नाही. लोक हसले तर हसू देत. हे काम माझं होतं आणि मी केलं नाही. आता ते तुझं."